‘पुण आयतार खंय गेलो?’ : कोरगावातल्या एका आठवणीची हकिगत

गावच्या आठवणी कशा नोंदवाव्यात यावर आपल्या मंडळाच्या बैठकीत बोलणं निघालं, तेव्हा मी माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली होती. ती लिहून काढा, असा बऱ्याच जणांचा आग्रह झाला, म्हणून हे टिपण. हकिगत कोरगावची आहे, तालुका पेडणे. पण डिचोली-सत्तरीत किंवा पलीकडे सावंतवाडी-बांद्याकडे जी मंडळी असंच काम करतात, त्यांनाही ती उपयोगी पडेल असं वाटतं.

साडेचारशे वर्षं कोणाची?

गोव्याच्या इतिहासावर भाषण सुरू झालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : पोर्तुगिजांनी गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं. तिसवाडी, बार्देश आणि साष्टीपुरतं ते ठीक आहे. आमच्या कोरगावाला ते लागू होत नाही. पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांचा. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे महाल १७६३-६४ च्या सुमारास पोर्तुगिजांकडे गेले, डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, आणि पेडणे सगळ्यांत शेवटी, १७८८ साली. मध्ये १७४६ मध्ये हळर्ण आणि तेरेखोलचे किल्ले पोर्तुगिजांनी घेतले होते, पण पेडणे कायमचं त्यांच्याकडे आलं ते १७८८ लाच. तिथून १९६१ पर्यंत मोजा. १७३ वर्षं होतात.

हा फरक नुसता आकड्यांचा नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी-साष्टीतली देवळं मोडली गेली आणि देव नदीपलीकडे न्यावे लागले. आपल्याकडे ते देव आले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीत नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ पुन्हा बांधवलं. तो शिलालेख आजही दारावर आहे. म्हणजे एकाच राज्यात दोन तऱ्हेचे इतिहास आहेत : देव सोडून गेलेल्या गावांचा आणि देव जागेवर राहिलेल्या किंवा नव्याने आलेल्या गावांचा. शाळेतल्या पुस्तकात सहसा पहिला असतो. कोरगावचं पोर त्या पुस्तकात स्वतःचं गाव शोधतं आणि त्याला ते सापडत नाही. मलाही सापडलं नव्हतं.

कागदात, जमिनीत आणि माणसांत

मग आमचा इतिहास आहे कुठे? माझ्या अनुभवाने तो तीन ठिकाणी आहे.

पहिलं ठिकाण कागद. पणजीचं पुराभिलेखागार १५९५ मध्ये सुरू झालं, दियोगु दो कौतु हे त्याचे पहिले अधिकारी. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर तिथे अनेक वर्षं प्रमुख होते, आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवर आज आपण जे खात्रीने बोलतो त्यातलं पुष्कळसं त्यांनी तिथल्या दप्तरांतून काढलेलं आहे. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची तिथे वेगळी दप्तरं आहेत, सावंतवाडीकरांची पत्रं त्यात येतात. पण हे कागद राज्यकर्त्यांचे. त्यात किल्ला येतो, तह येतो, खंडणी येते. कोरगावातल्या शेतकऱ्याचं घर त्यात सहजासहजी येत नाही. घराघरांतले मोडी कागद तेवढं सांगू शकले असते, पण ते किती उरलेत हे ज्याने त्याने आपल्या माळ्यावर चढून बघावं. आमच्या घरातला एक रुमाल घर दुरुस्तीच्या वेळी वाळवी लागली म्हणून चुलीत गेला. त्यात काय होतं हे आता कोणीच सांगू शकत नाही. घरात मोडी वाचणारं माणूस दोन पिढ्यांपूर्वीच संपलं होतं.

दुसरं ठिकाण जमीन. आमच्याकडे एक वाडा आहे पेठेचावाडा. आज तिथे पेठ म्हणावी असं काही नाही. पण नावात पेठ आहे, तेव्हा कधी, कोणाची, कसला माल, हे प्रश्न विचारायला हवेत. नावावरून लगेच ‘इथे मोठी बाजारपेठ होती’ असं लिहून मोकळं होण्याची घाई मात्र करू नये. नाव प्रश्न देतं, उत्तर दुसरीकडून मिळवावं लागतं. शेतांचंही तसंच. एक-चौदाचा उतारा आपण सगळे काढतो. मालकाचं नाव, कुळाचं नाव बघतो आणि घडी घालतो. त्याच कागदावर वर ‘शेताचं नाव’ अशी एक जागा असते. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९६८ ची जमीन महसूल संहिता आली, मोजणी झाली, आणि तेव्हा लोकांनी तोंडी सांगितलेली शेता-भाटांची नावं त्या जागेत बसली. माझ्या मते पेडण्याच्या खेड्यांतला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी वाचला गेलेला इतिहासग्रंथ आहे. आज जमिनीची जाहिरात लागते तेव्हा फक्त सर्व्हे नंबर आणि चौरस मीटर असतात. मोपाचा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात उघडला, त्याच्या आधीपासूनच आमच्या बाजूच्या जमिनी हात बदलू लागल्या होत्या. नव्या मालकाला मळ्याचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण विकणाऱ्याच्या मुलालाही ते ठाऊक नसतं, हे मी चार-पाचदा पाहिलं आहे.

तिसरं ठिकाण माणसं. माझी चूक घडली ती इथेच.

आबांची गजाल

२०११ मध्ये गोवा मुक्तीला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने एका स्मरणिकेसाठी गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या वाड्यावर एक वयस्क गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. त्यांच्याकडे दोन संध्याकाळी बसलो. फोनवर आवाज भरायची सवय तेव्हा मला नव्हती, वहीत पेन्सिलीने लिहून घेतलं.

आबांनी सांगितलं ते थोडक्यात असं. ते तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. ‘पुनव झाली, दुसऱ्या दिसा आयतार. तेरेखोलाक झेंडो लागलो म्हणान सांजेक कळला.’ कोणाकडून कळलं? केरीहून सुकी मासळी घेऊन येणारी एक बाई होती, तिने मागच्या दारी आईला सांगितलं. आई वडिलांशी बोलली. वडिलांनी उठून दार ओढून घेतलं आणि मुलांना बजावलं, ही गजाल घराबाहेर जाता कामा नये. रात्री जेवताना कोणी बोललं नाही. आबांना झेंडा म्हणजे काय हे नीट कळलंही नव्हतं. वडील घाबरलेले त्यांनी पहिल्यांदा पाहिले ते त्या दिवशी, एवढं मात्र त्यांना पक्कं आठवत होतं. साल त्यांनी सांगितलं नाही. पंधरा ऑगस्ट, एवढंच म्हणाले.

मी घरी येऊन लिहायला बसलो. पेडणे तालुका आणि पंधरा ऑगस्ट म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते : पत्रादेवी, १९५५. भारतभरातून आलेले सत्याग्रही त्या दिवशी गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं मारली गेली. पत्रादेवीला करनैलसिंग बेनिपाल पडले. तिथे स्मारक आहे, दरवर्षी कार्यक्रम होतो. तेव्हा आबा पत्रादेवीबद्दलच बोलत असणार आणि वयामुळे जागेत गोंधळ करत असणार, असं मी ठरवून टाकलं. स्मरणिकेत छापून आलं : ‘१९५५ च्या पत्रादेवीच्या सत्याग्रहाची बातमी गावात पोहोचली तेव्हा…’ पुढे दोन ओळी भीतीच्या वातावरणाबद्दल. पुनव गेली, आयतार गेला, मासळीवाली गेली, ओढून घेतलेलं दारही गेलं. पानाला जागा कमी होती, आणि त्या गोष्टी मला किरकोळ वाटल्या होत्या.

स्मरणिका हातात आल्यावर मी ती आबांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘बरा केलस पुता,’ म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारलं, ‘पुण आयतार खंय गेलो?’

मी हसलो. जागा नव्हती आबा, असं काहीतरी म्हणालो. दोन वर्षांनी ते गेले.

चूक कशी कळली

पुढे काही वर्षांनी वेगळ्याच कामासाठी मुक्तिलढ्यावरचं वाचत होतो. १९५४ च्या पंधरा ऑगस्टलाही सत्याग्रह झाला होता, हे मला मोघम ठाऊक होतं. त्या वेळी भारत सरकारने फक्त गोमंतकीयांनाच जाऊ दिलं होतं. तीन बाजूंनी तीन तुकड्या गेल्या. त्यातल्या एका तुकडीचं नेतृत्व आल्फ्रेड आफोन्सो यांच्याकडे होतं. त्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला, आणि पुढे त्या सगळ्यांना अटक झाली.

तेरेखोल! वही शोधली. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता आली. पुनव, दुसऱ्या दिसा आयतार. जुन्या तारखा लावून बघितल्या. १५ ऑगस्ट १९५४ हा रविवार होता. आदल्या दिवशी, १४ तारखेला, श्रावणातली पौर्णिमा, नारळी पुनव. १५ ऑगस्ट १९५५ कोणता वार? सोमवार. आणि तोही श्रावणातला, अमावास्येला दोन दिवस असताना आलेला. पुनव होऊन तेव्हा बारा दिवस उलटले होते. १९५५ मध्येही सत्याग्रही तेरेखोलच्या बाजूला आले होते, म्हणून नुसत्या जागेवरून साल ठरलं नसतं. ते ठरलं वार आणि तिथीवरून. आमच्या गावातला त्या पिढीचा माणूस श्रावणी सोमवाराला कधी आयतार म्हणेल का?

म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने ऐकलेली गोष्ट आबांनी सत्तावन्न वर्षांनंतर मला बरोबर सांगितली होती. साल त्यांना ठाऊक नव्हतं, पण साल ठरवायला लागणारं सगळं त्यांनी दिलं होतं. शाई आणि छापखाना हाताशी असलेल्या मी ते काढून टाकलं, आणि त्या जागी पुस्तकात आधीच असलेली एक गोष्ट पुन्हा छापली.

मला जास्त लागलं ते पुढचंच. तेरेखोलला झेंडा लागला ही गोष्ट पुस्तकांत होती, आबांशिवायही ती राहिली असती. आबांकडे होतं ते कोणत्याच पुस्तकात नव्हतं : बातमी केरीहून कोरगावात त्याच संध्याकाळी कशी आली, ती आणणारी एक मासळी विकणारी बाई होती, ती पुढच्या दारी न येता मागच्या दारी आली, आणि एका बापाने दार ओढून घेतलं. गोव्यातल्या एका गावाने तो दिवस कसा काढला, हे फक्त त्या चार गोष्टींत होतं. त्या बाईचं नाव काय, ती पुढेही बातम्या आणायची का, सरहद्द बंद झाल्यावर पलीकडच्या सोयऱ्यांचा निरोप कसा यायचा, हे विचारायला मी गेलोच नाही. आता कोणाला विचारणार?

आठवण चुकतेही

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की म्हातारी माणसं सांगतात ते सगळं बरोबर असतं. डिचोलीत हरवळ्याच्या गुंफांना लोक पांडवांच्या गुंफा म्हणतात. अभ्यासक त्या सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासच्या मानतात. आमच्याकडे कोणतीही जुनी विहीर, कोणताही जुना बांध ‘पोर्तुगिजांच्या काळातला’ असतो, मग तो भोसल्यांच्या काळातला का असेना. आठवण चुकते, दोन घटना एकीत मिसळते, आपल्या घराण्याला थोडं पुढे सरकवते. वार आणि तिथी तपासता आली म्हणून आबांचं बरोबर ठरलं. तपासता आली नसती तर मी आजही १९५५ च म्हणत राहिलो असतो.

फरक पडतो तो तपासणं केव्हा करायचं यात. मी लिहून घेतानाच तपासून, दुरुस्त करून, मग छापलं. आधी सांगितलेलं जसंच्या तसं उतरवायचं आणि आपली शंका खाली वेगळी लिहायची, असं केलं असतं तर चूक माझ्या शंकेची ठरली असती. आबांचं बोलणं शाबूत राहिलं असतं.

आता मी काय करतो

तेव्हापासून नोंद करताना काही गोष्टी मी पाळतो. त्यात मोठं शास्त्र काही नाही.

सांगणाऱ्याचं वय, वाडा आणि ती गोष्ट त्याने स्वतः पाहिली की ऐकली, ऐकली तर कोणाकडून, हे आधी लिहितो. बोली बदलत नाही. ‘आयतार’चं ‘रविवार’ करत नाही, ‘दिसा’चं ‘दिवशी’ करत नाही. पेडण्याची बोली कोकणी आणि मालवणीच्या सांध्यावरची आहे. तिचं पुस्तकी मराठी केलं की कोण बोलतंय हेच पुसून जातं. अर्थ द्यायचा तर बाजूला देतो.

साल विचारत नाही. साल विचारलं की माणूस बिचकतो किंवा कुठेतरी ऐकलेलं साल सांगतो. त्याऐवजी विचारतो : पाऊस होता का, लावणी झाली होती की कापणी, जत्रा झाली होती का, चवथ आली होती का, घरात कोणाचं लग्न की बारसं होतं. याची उत्तरं भराभर येतात आणि पंचांगाशी ताडून बघता येतात. आमच्या आजी-आजोबांनी काळ असाच मोजला. कॅलेंडर भिंतीवर नंतर आलं.

एकाच गोष्टीची दोन रूपं मिळाली तर दोन्ही ठेवतो. देऊळवाड्यावर एक ऐकावं आणि पेठेच्यावाड्यावर दुसरं, असं होतंच. दोन्ही जुळवून तिसरी गुळगुळीत गोष्ट बनवायचा मोह होतो. ती तिसरी गोष्ट गावात कोणीच सांगितलेली नसते.

आणि शेवटचं, जे आपल्यासारख्या मंडळांनी जास्त ध्यानात घ्यायला हवं : सगळं प्रसिद्ध करायचं नसतं. जमिनीचा इतिहास विचारायला गेलं की भाटकार-मुंडकार येतात, देवळाचा विचारला की मानपान आणि जुने तंटे येतात. काही प्रकरणं अजून कोर्टात आहेत. एका घरात मला तीन तास सगळं सांगून झाल्यावर त्या काकी म्हणाल्या, ‘हे आमी जिवंत आसा तवसर छापू नको.’ ते मी छापलेलं नाही. वही बंद करून ठेवली आहे, वर तारीख आहे. जपणं आणि पसरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आजच व्हायला पाहिजे, कारण १९५४ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. दुसऱ्याला सांगणाऱ्याचा होकार लागतो, त्याला वेळ लागला तर लागू दे.

मात्र जे छापायचं ते आधी गावात वाचून दाखवावं. पणजीच्या किंवा पुण्याच्या वाचकाच्या आधी त्या वाड्यावरच्या माणसांना. ती चुका काढतात, रागावतात, कधी नवीनच काहीतरी सांगतात. आबांनी मला चूक दाखवली होती ती अशाच वाचनात. मी ती ऐकली नाही, हा दोष माझा.

दुरुस्ती

स्मरणिकेतला तो मजकूर आता बदलता येणार नाही. तिच्या प्रती गावात घरोघर गेल्या आहेत, आणि दोन ठिकाणी तो परिच्छेद पुढे उतरवून घेतलेलाही मी पाहिला आहे. छापलेली चूक छापलेल्या सत्यापेक्षा हळू फिरत नाही, हे त्यातून कळलं. म्हणून आपल्या मंडळाच्या संग्रहासाठी आबांची नोंद मी वहीवरून नव्याने उतरवून दिली आहे. त्यात त्यांचे शब्द पहिल्यांदा, मग वार-तिथीचा मेळ, मग २०११ मध्ये मी काय छापलं आणि ते का चुकलं, असा क्रम ठेवला आहे. आबांच्या मुलाला ती वाचून दाखवली. त्याला मासळीवालीबद्दल काही ठाऊक नव्हतं. पण मागचं दार म्हणजे कुठलं ते त्याने उठून दाखवलं. घर नवं झालं आहे, त्या जागी आता स्वयंपाकघराची खिडकी आहे.

केरी, पालये, हरमल, कोरगाव या बाजूच्या कोणाच्या घरी त्या आयताराची काही आठवण असेल, किंवा केरीहून सुकी मासळी घेऊन आमच्या बाजूला येणाऱ्या बायकांबद्दल आजी-पणजीकडून काही ऐकलेलं असेल, तर मंडळाला जरूर कळवावं. साल आठवत नसेल तरी चालेल. पाऊस होता का, एवढं सांगितलंत तरी पुढचं आपण बघू.